'महाशीर' : एका मत्स्यनामाच्या व्युत्पत्तीची चिकित्सा

१

हिमालयाच्या पायथ्यापासून कावेरीच्या खोऱ्यापर्यंत, खडकाळ पात्राच्या आणि वाहत्या, खोल डोहांच्या नद्यांतून आढळणाऱ्या मोठ्या खवल्यांच्या माशांना 'महाशीर' हे नाव आज सर्वत्र रूढ झालेले आहे. मत्स्यशास्त्रात हे मासे 'टोर' या प्रजातीत मोडतात. नाव भारदस्त आहे आणि ऐकताच अर्थ उलगडल्यासारखा वाटतो. या पारदर्शकतेमुळेच त्याच्या व्युत्पत्तीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आणि त्या मानाने फारच थोडे तपासले गेले. 'महा' म्हणजे मोठे आणि 'शीर' म्हणजे डोके, असे सांगून बहुतेक लेखक मोकळे होतात. काहींना हे पटत नाही. ते 'शीर' मध्ये फारसी 'शेर' पाहतात आणि हा नदीतील सिंह होय असे सांगतात.

या मतांचा उगम शोधू गेल्यास प्रथम यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाकडे यावे लागते. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या आणि विल्यम क्रूक यांनी १९०३ साली संस्कारित केलेल्या या कोशात 'महाशीर' वर एक छोटी नोंद आहे. नावाचा उगम आणि त्याचे शुद्ध लेखन ही दोन्ही अत्यंत संशयास्पद आहेत, अशी कबुली प्रथमच देऊन कोशकारांनी तीन शक्यता मांडल्या आहेत. पहिली 'महाशिरस्', मोठ्या डोक्याचा; दुसरी 'महाशल्क', मोठ्या खवल्यांचा; आणि तिसरी 'महास्य', मोठ्या तोंडाचा. ही तिसरी कल्पना 'द रॉड इन इंडिया' (१८७३) या गळाच्या मासेमारीवरील ग्रंथाचे कर्ते एच. एस. टॉमस यांची होय. कोशकारांचा स्वतःचा कल दुसरीकडे आहे. त्याला त्यांनी दिलेले कारण असे की, या माशाचे खवले इतके मोठे असतात की ढाक्याला त्यांचे खेळण्याचे पत्ते करीत, अशी बुकॅनन यांची नोंद आहे. फारसी 'माही-शेर' ही चौथी कल्पना गळाच्या शिकारीवरील लोकप्रिय वाङ्मयातून पसरली.

चार कल्पना, आणि चारही अर्थाच्या अंगाने बेतलेल्या. मासा पाहावा, त्याचे एखादे ठळक लक्षण निवडावे आणि त्या लक्षणाला शोभेल असा शब्द संस्कृतातून किंवा फारसीतून उचलावा, अशी ही पद्धत आहे. ध्वनिनियम, शब्दाची प्राचीन उपलब्धी, भौगोलिक प्रसार आणि पर्यायी रूपे यांचा विचार तीत जवळजवळ नाही. प्रस्तुत लेखात या चारही मतांची त्या कसोट्यांवर परीक्षा करावयाची आहे. आणि त्या निमित्ताने, ज्या नावांची परीक्षा कोणी केलीच नाही त्या दक्षिणी मत्स्यनामांकडेही लक्ष वेधावयाचे आहे.

२

आरंभी मराठी रूपाचा विचार करणे इष्ट आहे, कारण मराठी वाचकाची दिशाभूल प्रथम तेथेच होते. 'महाशीर' मधील तालव्य 'श' आणि दीर्घ 'ई' पाहून संस्कृत 'शिरस्' ची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु हे दोन्ही ध्वनी मूळ शब्दाविषयी काहीही सिद्ध करीत नाहीत.

मराठीत इकार आणि एकार यांच्यापूर्वी येणारा 'स' नियमाने तालव्य होतो. हिंदी 'सींग', 'सीखना', 'सेज' यांच्या जागी मराठीत 'शिंग', 'शिकणे', 'शेज' अशी रूपे आहेत. यांतील 'शिंग' आणि 'शिकणे' यांच्या मुळाशी 'शृंग' व 'शिक्ष्' असल्यामुळे तेथील 'श' वडिलोपार्जित आहे असा भास होईल. परंतु 'शेज' च्या मुळाशी 'शय्या' असूनही प्राकृतात 'सेज्जा' असेच रूप होते, हे लक्षात घेतले म्हणजे मराठीतील 'श' हा मागाहून, पुढील स्वराच्या प्रभावाने आलेला आहे हे उघड होते. संस्कृत 'सिंचति' पासून आलेले 'शिंपणे' आणि 'सीमा' पासून आलेली 'शीव' ही याची निर्विवाद उदाहरणे होत, कारण तेथे मुळातच दंत्य 'स' आहे. झ्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या जडणघडणीवरील आपल्या ग्रंथात या नियमाचा परामर्श घेतलेला आहे, आणि वा. गो. परांजपे यांच्या १९४१ च्या भाषांतरामुळे तो मराठी अभ्यासकांना परिचित आहे. तेव्हा बाहेरून 'महासीर' किंवा 'महासेर' असा शब्द आला तरी मराठीच्या तोंडी 'श' येण्याकडेच प्रवृत्ती राहणार.

दीर्घ 'ई' ची गोष्टही तशीच. अन्त्य व्यंजनापूर्वीचा इकार मराठीत दीर्घ होतो. हिंदी 'तिल' चे मराठी 'तीळ' आणि हिंदी 'सिर' चे मराठी 'शीर' होते. म्हणजे 'महाशीर' या रूपातील ज्या दोन अवयवांवर 'शिरस्' ची सारी भिस्त आहे, ते दोन्ही अवयव मराठीने स्वतः घडविलेले असू शकतात. मराठी रूपावरून मागे जाता येत नाही. ज्या उत्तरेकडील रूपावरून ते घेतले गेले, त्याच्यापासूनच विचारास प्रारंभ केला पाहिजे.

उत्तरेकडील रूप आपल्यापर्यंत मुख्यतः इंग्रजी लेखनातून पोहोचलेले आहे, आणि येथे दुसरी अडचण उभी राहते. इंग्रजांनी हा शब्द लिहिताना शेवटच्या अवयवात 'ई' हे अक्षर दोनदा घातले. हे द्वित्व बहुधा ईकाराचे दर्शक असते हे खरे. परंतु वजनाचा 'सेर' देखील इंग्रजीत त्याच द्वित्वाने लिहिला जात असे. सुरमईच्या जातीच्या समुद्री माशांना इंग्रजीत जे नाव आहे, त्यातही तोच अवयव तशाच लेखनाने येतो, आणि त्याचा उगम पोर्तुगीज 'सेर्रा', म्हणजे करवत, या शब्दात आहे. एकाच लेखनाखाली तीन निराळी मुळे दडलेली आहेत. म्हणून केवळ इंग्रजी लेखनावरून मूळ स्वर ईकार होता की एकार, हे ठरविता येत नाही. हिंदीत 'महासेर' हे रूप प्रचलित आहे, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची ठरते.

३

आता संस्कृत मूळ मानणाऱ्या तीन मतांकडे वळावयाचे.

'महास्य' हे मत सर्वांत दुर्बळ आहे. संस्कृत 'स्य' या जोडाक्षराचे प्राकृतात 'स्स' होते. 'तस्य' चे 'तस्स' हे उदाहरण सर्वपरिचित आहे. त्या न्यायाने 'महास्य' पासून 'महस्स' आणि पुढे 'महास' एवढेच निघू शकेल. अन्त्य 'र' कोठून आला याचे उत्तर या मताजवळ नाही. शब्दातील एक संपूर्ण व्यंजन जी व्युत्पत्ती निरुत्तर सोडते, तिचा अर्थ कितीही चपखल असला तरी ती स्वीकारता येत नाही.

'महाशल्क' चे प्रकरण अधिक विचारार्ह आहे. तीन संस्कृत शब्दांपैकी खाद्य प्राण्याचे नाव म्हणून प्राचीन वाङ्मयात ठळकपणे आढळणारा शब्द हाच होय. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात (३.२७२), पितरांना अक्षय तृप्ती देणाऱ्या पदार्थांत कालशाक आणि गेंड्याचे मांस यांच्या जोडीला 'महाशल्क' सांगितला आहे, याज्ञवल्क्यस्मृतीतही (१.२६०) तो त्याच प्रकारच्या यादीत येतो. हा मासा की साळिंदर, याविषयी टीकापरंपरेत एकवाक्यता नाही. ब्यूलर यांनी १८८६ च्या आपल्या भाषांतरात तो मासाच मानला आहे. भक्ष्य माशांविषयीच्या पाचव्या अध्यायातील वचनात (५.१६) खवले असलेल्या सर्व माशांना 'सशल्क' अशी संज्ञा आहे, यावरून खवल्याला 'शल्क' म्हणण्याचा प्रघात निश्चित होतो. प्राणिशास्त्राची साक्षही या मताला अनुकूल आहे. रोहूच्या अंगावर पार्श्वरेषेत सुमारे ४० खवले असतात, तर महाशीर माशांच्या पार्श्वरेषेत सामान्यतः २२ ते २८. संख्या कमी, म्हणून प्रत्येक खवला मोठा. नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यांत प्रथम भरावे असेच हे लक्षण आहे.

इतके असूनही हे मत टिकत नाही, आणि त्याला आड येणारा नियम मराठी वाचकाच्या रोजच्या परिचयाचा आहे. संस्कृत 'ल्क' चे प्राकृतात 'क्क' होते. 'उल्का' चे 'उक्का', 'वल्कल' चे 'वक्कल'. अंबाडीच्या किंवा घायपाताच्या ज्या तंतूंना खेडोपाडी 'वाक' म्हणतात, तो शब्द 'वल्क' पासून 'वक्क' या पायरीने आलेला आहे. तंतोतंत त्याच साच्याने 'शल्क' पासून 'सक्क' आणि पुढे 'साक' असे रूप व्हावयास हवे. आणि 'महाशल्क' पासून 'महासाक' च्या जवळपासचे काहीतरी. लोकमुखातून उतरत आलेल्या शब्दात 'ल' टिकावा आणि 'क' नाहीसा व्हावा, किंवा दोन्ही जाऊन त्यांच्या जागी 'र' यावा, याला आधार नाही. पंडितांनी मागाहून संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला शब्द म्हणावा, तर तो 'महाशल्क' असाच राहिला असता. कोशकारांनी जे मत सर्वांत संभाव्य ठरविले, ते ध्वनिनियमांच्या दृष्टीने असे अडखळते. अर्थाची अनुकूलता आणि ग्रंथातील उपलब्धी या दोन्ही जमेच्या बाजू असूनही व्युत्पत्ती चुकू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

राहिले 'महाशिरस्'. येथे 'र' चा प्रश्न सुटतो, 'श' चा 'स' होणे नियमित आहे, आणि प्राकृत 'महासिर' पर्यंतची वाट सरळ आहे. परंतु तेथून पुढे हिंदीत 'महासिर' अपेक्षित आहे, कारण 'शिरस्' पासून हिंदीने 'सिर' असे ऱ्हस्व रूपच राखले आहे. मूळ उच्चार 'महासेर' असा असेल तर हे मत आणखी अडचणीत येते. प्राकृतात इकाराचा एकार होतो तो प्रायः जोडाक्षरापूर्वी. 'सिर' मध्ये जोडाक्षर नाही.

अर्थाच्या बाजूनेही हे मत समजले जाते तितके भक्कम नाही. हिमालयातील 'टोर पुतितोर' या जातीत डोक्याची लांबी शरीराच्या उंचीइतकी किंवा तिच्याहून अधिक असते. परंतु 'टोर टोर' या जातीत डोके शरीराच्या उंचीच्या मानाने लहान असते, आणि मत्स्यशास्त्रज्ञ या दोन जाती वेगळ्या ओळखतात त्या मुख्यतः याच प्रमाणावरून. मोठे डोके हे एका जातीचे लक्षण झाले, सर्व महाशीर माशांचे नव्हे. ज्या प्रदेशात हे नाव प्रथम रूढ झाले तेथे पुतितोर हीच प्रमुख जात होती असे दाखविता आले, तर ही हरकत सौम्य होईल. पण तसे दाखविण्याची जबाबदारी हे मत मांडणाऱ्यावर आहे.

४

फारसी 'माही-शेर' या मताचे आकर्षण वाङ्मयीन आहे. गळाला लागलेला हा मासा प्रवाहाविरुद्ध जी झुंज देतो, तिचे वर्णन शिकाऱ्यांनी मोठ्या चवीने केले आहे, आणि सिंहाची उपमा त्या वर्णनाला शोभून दिसते. 'महासेर' हे रूप मूळ मानल्यास एकाराचा प्रश्नही या मताला अडवीत नाही.

परंतु फारसी समासाची घडण या मताच्या विरुद्ध जाते. विशेषण म्हणून येणारे नाम फारसी समासात सामान्यतः आधी येते. 'सिंहासारखा मासा' या अर्थी अपेक्षित रूप 'शेरमाही' हे होय, आणि ते केवळ तर्काने काढलेले नाही. काबूल नदीच्या खोऱ्यात 'शेरमाही' हे नाव प्रत्यक्ष प्रचारात आहे. मात्र तो महाशीर नसून 'क्लुपिसोमा' प्रजातीतील, खवले नसलेला, मिशाळ मासा आहे. जेथे फारसी बोलली गेली तेथे हे दोन शब्द एकत्र आले, तेव्हा ते फारसी क्रमानेच आले आणि दुसऱ्याच माशाला लागले. शिवाय 'माही' तील दीर्घ 'आ' ऱ्हस्व कसा झाला आणि 'ही' चा 'हा' कसा झाला, हे दोन प्रश्न उरतातच. याच न्यायाने उद्या कोणी 'महासेर' मध्ये वजनाचा सेर पाहिला आणि मोठ्या वजनाचा म्हणून 'महासेर' असे म्हटले, तर त्याला उत्तर देणे 'माही-शेर' वाल्यांना जड जाईल; कारण ध्वनींचा जुळारा त्या कल्पनेत उलट अधिकच चांगला बसतो.

सिंहाची उपमा मात्र भारतीय मत्स्यनामांना परकी नाही. मनुस्मृतीतील उपर्युक्त वचनातच रोहित, पाठीन, राजीव यांच्याबरोबर 'सिंहतुंड', म्हणजे सिंहमुखी, असा एक मासा उल्लेखिलेला आहे. म्हणजे माशाला सिंह म्हणण्यासाठी फारसीपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नव्हती. उपमा संभाव्य असणे आणि एखादा विशिष्ट शब्द त्या उपमेतून आलेला असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

५

चारही मतांत एक समान दोष आहे. ती सर्व एकाच रूपाचा विचार करतात. वस्तुतः हॉब्सन-जॉब्सनच्या नोंदीतच 'मसीर' आणि 'मसल' अशी पर्यायी रूपे दिलेली आहेत. या 'मसल' चे काय करावयाचे?

फ्रान्सिस बुकॅनन, जे पुढे हॅमिल्टन या आडनावाने ओळखले जाऊ लागले, त्यांनी गंगा नदी आणि तिच्या शाखा यांतील माशांवरील आपला ग्रंथ १८२२ साली एडिंबरो येथे प्रसिद्ध केला. या वर्गातील माशांना शास्त्रीय नावे देताना त्यांनी 'तोर', 'पुतितोर' आणि 'मोसल' ही तीन स्थानिक नावे निवडली. 'महाशीर' चा त्यांत समावेश नाही. 'तोर' हे नाव पुढे १८३४ साली ग्रे यांच्या हातून संपूर्ण प्रजातीचे नाव बनले. 'पुतितोर' चा पूर्वपद बंगाली 'पुँटि' हा लहान खवलेदार माशांचा वाचक शब्द असावा, असे मानण्यास जागा आहे. 'मोसल' चा ओकार बंगालच्या उच्चारातील अकाराचा द्योतक असू शकेल. तसे असल्यास 'मोसल' आणि 'मसल' हे एकच नाव ठरते.

'मसल' आणि 'महासेर' ही एकाच शब्दाची दोन रूपे मानावयाची, तर 'ल' आणि 'र' यांतील मूळ कोणता, हा प्रश्न निर्णायक होतो. पूर्वेकडील भाषांच्या इतिहासात हा व्यवहार दोन्ही दिशांनी झालेला आहे. अशोकाच्या पूर्वेकडील शिलालेखांत 'राजा' चे 'लाजा' होते; उलट आजच्या भोजपुरी व अवधी बोलींत 'फल' चे 'फर', 'हल' चे 'हर' आणि 'जलना' चे 'जरना' होते. दुसरी दिशा खरी असेल तर 'मसल' मूळ आणि 'मसर', 'मसेर' ही त्याची बोलीतील रूपे ठरतील. आणि मग 'महा' हा पूर्वपदच मागाहून, अपरिचित शब्दाला अर्थ देण्याच्या लोकप्रवृत्तीतून, जोडला गेला असण्याची शक्यता उभी राहते. पहिली दिशा खरी मानली तर 'शिरस्' ला काही बळ मिळते. पण 'सिर' चा 'सल' होताना इकाराचा अकार का झाला, याचे उत्तर द्यावे लागते. दोन्ही पक्षांत अडचणी आहेत. परंतु अडचणी कोठे आहेत हे नेमके कळणे, हे 'मोठ्या डोक्याचा' म्हणून विषय संपविण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

६

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या साऱ्या वादाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. 'महाशीर' हे नाव येथे मुख्यतः शिकारीवरील इंग्रजी पुस्तके आणि मत्स्यव्यवसायाचा शासकीय पत्रव्यवहार यांच्या द्वारे आले. पुणे-सातारा भागातील नद्यांवर भोई ज्या नावाने या माशाला ओळखत आले ते नाव 'खडशी' किंवा 'खडची' असे आहे. महाडजवळील वाळणकोंड किंवा वैतरणेवरील तिळसे येथे तर तो 'देवाचा मासा' आहे. तेथे त्याला पकडण्याची बंदी हीच त्याची ओळख आहे.

या दक्षिणी नावांची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांची. दख्खनमधील माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या वृत्तांतात आला आणि त्यातील नावे १८३९ पासून शास्त्रात मान्य झाली. साइक्स यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी अनेक माशांना मराठी नावेच लॅटिन घडणीत बसवून दिली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महाशिराला त्यांनी जे जातिनाम दिले ते आज सर्वत्र 'खुद्री' असे वाचले जाते. आणि शिरूरजवळ घोडनदीत मिळालेल्या दुसऱ्या एका माशाचे नाव 'मुसुल्ला' असे.

हे वाचन तपासले पाहिजे. साइक्स ज्या काळात लिहीत होते त्या काळात इंग्रज लेखक मराठी-हिंदी ऱ्हस्व अकारासाठी 'यू' हे अक्षर वापरीत. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातील 'दख्खन' हा शब्दच याचा पहिला पुरावा आहे. त्यांनी तो ज्या पद्धतीने लिहिला त्या पद्धतीने वाचल्यास त्याचा 'दुखुन' होईल. ज्या खरप्या माशाला त्यांनी जातिनाम दिले ते आज 'कुरपा' असे उच्चारले जाते. वस्तुतः ते 'खरपा' च होय. तिसरे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातील एका माशाला साइक्स यांच्यामुळे 'नुक्ता' असे जातिनाम मिळाले, आणि फारसी 'नुक्ता' म्हणजे बिंदू, असा अर्थ कोणालाही सुचावा. परंतु या माशाच्या मुस्कटावर आडवी खोल खाच असून वरचा भाग शिंगासारखा पुढे आलेला असतो. 'यू' च्या जागी अकार ठेवला की 'नकटा' हा शब्द समोर उभा राहतो. चोचीवर उंचवटा असलेल्या बदकालाही हिंदीत 'नकटा' म्हणतात आणि इंग्रज लेखकांनी त्याचेही लेखन याच अक्षरांनी केले आहे. बिंदूचा येथे काही संबंध नाही. नाव नाकावरून पडलेले आहे.

हा न्याय 'खुद्री' ला लावला म्हणजे 'खडरी' किंवा 'खदरी' हे वाचन मिळते. आजच्या 'खडशी', 'खडची' या रूपांशी ताडून पाहता 'खड-' हे अंग स्थिर आणि 'री', 'शी', 'ची' हे प्रत्ययवजा अंश बदलते दिसतात. 'खुद्री' या वाचनाने हा संबंध पूर्णपणे झाकला गेला होता. या 'खड-' चा संबंध 'खडक' किंवा 'खडा' यांच्याशी जोडण्याचा मोह होईल, कारण मासा खडकाळ डोहांत राहणारा आहे. परंतु 'महाशिरस्' वर जो आक्षेप घेतला तोच येथेही घ्यावा लागतो : अर्थ जुळतो एवढ्यावर व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. निरनिराळ्या नद्यांवरील उच्चार एकत्र करून प्रत्ययांचा उलगडा झाल्याशिवाय तो संबंध सूचनेपलीकडे नेता येणार नाही.

'मुसुल्ला' चे वाचन 'मसळा', 'मसला' किंवा 'मुसळा' असे तीन प्रकारे होऊ शकते. यांतील निवड केवळ लेखनाची बाब नाही. संस्कृत-प्राकृतातील स्वरमध्यस्थ एकेरी 'ल' मराठीत 'ळ' होतो आणि दुहेरी 'ल्ल' चा 'ल' राहतो, हा नियम सुपरिचित आहे. घोडनदीच्या काठी 'मसळा' असा उच्चार मिळाला, तर उत्तरेकडील 'मसल' शी त्याचा संबंध 'फल–फळ', 'तिल–तीळ' यांच्याप्रमाणे नियमित ठरेल, आणि कोसीपासून भीमेपर्यंत पसरलेल्या एका जुन्या मत्स्यनामाची शक्यता विचारात घ्यावी लागेल. 'मसला' मिळाला, तर ते नाव उसने असावे किंवा त्याचे मूळ वेगळे असावे. 'मुसळा' मिळाला, तर 'मुसळ' या शब्दाकडे पाहावे लागेल, आणि उत्तरेकडील नावाशी असलेले साम्य योगायोगाचे ठरण्याचा संभव वाढेल. एका 'ळ' वर एवढे अवलंबून आहे. आणि त्याचा निकाल कोशात नसून नदीकाठी आहे.

७

नावाचा अभ्यास ही केवळ पंडिती करमणूक आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी याच 'मुसुल्ला' चा पुढील इतिहास पाहावा. साइक्स यांनी हे नाव घोडनदीतील माशाला दिले होते. कालांतराने ते कावेरीतील, पाठीवर कुबड असलेल्या प्रचंड महाशिराला लावले गेले आणि शिकाऱ्यांच्या व शासकीय वाङ्मयात तेथेच रूढ झाले. अलीकडच्या अभ्यासकांनी साइक्स यांचा मासा 'टोर' प्रजातीतून काढून 'हिप्सेलोबार्बस' या प्रजातीत ठेवला आहे. म्हणजे ज्या नावाने कावेरीचा मासा ओळखला जात होता ते नाव महाशिराचेच राहिले नाही. कावेरीच्या माशाची खरी ओळख, 'टोर रेमादेवी' या जातीशी, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून निश्चित झाली, आणि त्यानंतरच अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत त्याची नोंद होऊ शकली. मधल्या काळात लोणावळ्याच्या उबवणी केंद्रात वाढविलेली खडशीची पिल्ले कावेरीत सोडली गेली होती. सारेच 'महाशीर' म्हटल्यावर एक महाशीर दुसऱ्याच्या पाण्यात सोडण्यात कोणाला काही गैर वाटले नाही. एका व्यापक आणि भारदस्त नावाखाली स्थानिक भेद पुसले गेले, म्हणजे काय होते, हे यावरून दिसून येईल.

सारांश, 'महाशीर' च्या प्रचलित व्युत्पत्तींपैकी 'महास्य' आणि 'माही-शेर' या टाकून देण्याजोग्या आहेत. 'महाशल्क' अर्थाने आणि ग्रंथोक्तीने समर्थ असूनही ध्वनिनियमांपुढे टिकत नाही. आणि 'महाशिरस्' तुलनेने बरी असली तरी स्वराची, अर्थाची आणि 'मसल' या पर्यायी रूपाची अशी तीन ऋणे तिच्याकडे बाकी आहेत. ती फिटेपर्यंत तिला 'सिद्ध' म्हणता येणार नाही. मराठी रूपातील 'श' आणि 'ई' यांचा पुरावा म्हणून उपयोग करणे तर सर्वथा सोडून दिले पाहिजे.

पुढील कामाची दिशाही यातून स्पष्ट होते. भीमा, नीरा, घोड, कृष्णा, कोयना आणि वैतरणा यांच्या काठच्या भोई व कोळी समाजांतून मत्स्यनामांचा, त्यांच्या नेमक्या उच्चारांसह, संग्रह झाला पाहिजे. साइक्स यांच्या निबंधातील प्रत्येक नाव त्या संग्रहाशी ताडून पाहिले पाहिजे, आणि 'यू' च्या जागी कोठे अकार व कोठे उकार आहे हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे ठरविले पाहिजे. धरणांनी नद्यांचे डोह बदलले आहेत आणि डोहांबरोबर त्यांतील माशांची नावे जाणणारी पिढीही ओसरत आहे. 'खडशी' हे नाव उच्चारणारा शेवटचा मनुष्य जेव्हा 'महाशीर' म्हणू लागेल, तेव्हा 'खड-' चा अर्थ शोधण्यासाठी १८३९ च्या एका संशयास्पद लिप्यंतराखेरीज अभ्यासकाच्या हाती काही उरणार नाही.